भेगांचे रंग कोण ठरवते?

किल्लारीच्या भूकंपाची यंत्रणा दाखवणारी आकृती अगदी लहान असते. एक वर्तुळ, त्याचा मधला पट्टा काळा आणि दोन्ही बाजू पांढऱ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे १० हजार माणसांचा जीव घेणारी हालचाल दाबामुळे झाली, खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला, हे जाणकाराला त्या काळ्या मधल्या पट्ट्यावरून कळते. आता रेषा तशाच ठेवून फक्त रंगांची अदलाबदल करा. मधला पट्टा पांढरा आणि बाजू काळ्या झाल्या की तीच आकृती नेमके उलट सांगू लागते: खडक ताणला गेला आणि एक भाग खाली घसरला. मोजमापे बदललेली नाहीत, विभंगाची पातळीही तीच आहे; तरी दाबाचा ताण झाला. भूशास्त्रातल्या दिशादर्शक आलेखांत रंग किती खोल शिरलेला असतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. तरीही स्टिरिओनेट (भेगांच्या दिशा आणि कल वर्तुळाकार जाळीवर मांडणारा आलेख) किंवा रोझ आलेख (दिशांची मोजणी पाकळ्यांनी दाखवणारा) काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधला रंग, चिन्हे आणि शैली यांचा विभाग बहुतेक जण सगळे झाल्यावर, अहवालाला शोभा आणण्यासाठी उघडतात. माझे म्हणणे असे, की हा विभाग शोभेचा नाही. तिथे घेतलेला प्रत्येक निर्णय हा अर्थ लावण्याचाच भाग असतो. तो आपण घेतला नाही, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आधीच घेऊन ठेवलेला असतो.

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यात दूरचा वाटू नये. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावापासून औंढा, वसमतपर्यंत पायाखाली आहे तो दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. या काळ्या पाषाणाच्या अंगात पाणी जवळजवळ मुरत नाही. विहिरीला पाणी लागते ते भेगांतून, मांजऱ्या खडकातून किंवा दोन थरांमधल्या सांध्यातून. म्हणून भेगा कोणत्या दिशेने धावतात आणि किती अंशांनी कलतात, हा इथे थेट पाण्याचा प्रश्न आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. एकमेकींना काटकोनात असलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील. तिच्यासाठी खडकाची शांतता हीच पहिली अट. आणि याच जिल्ह्यात २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ आणि त्यानंतर काही मिनिटांतच ३.६ रिश्टरचे धक्के बसले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातल्या लोकांना जमिनीतून येणारे आवाज नवे नाहीत. पाणी, वेधशाळा, भूकंप या तिन्ही बाबतींत कोणीतरी कंपास आणि क्लिनोमीटर घेऊन भेगा मोजतो, आणि त्या मोजमापांचा आलेख कोणीतरी संगणकावर काढतो. निर्णय घेणारा माणूस आकड्यांचा तक्ता वाचत नाही. तो आलेख पाहतो.

पूर्वी हे सगळे हाताने होत असे. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ वुल्फ यांनी १९०२ मध्ये कोन जपणारी जाळी दिली. १९२५ मध्ये वॉल्टर श्मिट यांनी क्षेत्रफळ जपणारी जाळी भूशास्त्रात आणली. ट्रेसिंग पेपर, मधोमध टाचणी, टोकदार पेन्सिल. प्रत्येक भेगेच्या पातळीला लंब असलेली रेषा खालच्या अर्धगोलाला जिथे टेकते, तिथे एक बिंदू. मग एक टक्का क्षेत्रफळाचे वर्तुळ जाळीवर फिरवत बिंदू मोजायचे आणि दाटीच्या रेषा ओढायच्या. या पद्धतीत रंगाला जागा नव्हती आणि निवडीही थोड्या होत्या. शिवाय हात चालत असताना कुठे किती बिंदू आहेत, हे काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहायचे. संगणक आल्यावर हा वेळ वाचला आणि निवडी वाढल्या. टोरांटो विद्यापीठात जन्मलेले आणि आता खाण-बोगद्यांच्या अभियंत्यांत रुळलेले ‘डिप्स’, कॉर्नेलच्या रिक ऑल्मेंडिंगर यांचे मोफत ‘स्टिरिओनेट’, फ्रेडरिक व्हॉल्मर यांचे ‘ओरिएंट’, ब्राझीलमधून आलेले ‘ओपनस्टिरिओ’, पायथन जाणणाऱ्यांसाठी ‘एमपीएलस्टिरिओनेट’ असे बरेच पर्याय आज उपलब्ध आहेत. बिंदूचा आकार, भरण, कडा, रेषेची जाडी, दाटीचे टप्पे, रंगपट्टी, रोझच्या खणाची रुंदी असे बहुतेक सगळे यांत बदलता येते. पण बहुतेक आलेख काहीही न बदलताच बाहेर पडतात. आणि प्रत्येकाची मूळ मांडणी वेगळी आहे: ‘डिप्स’ दाटी मोजताना फिशर वितरण धरते, ‘एमपीएलस्टिरिओनेट’ कॅम्ब पद्धतीचा घातांकी प्रकार वापरते. तीच वही दोन्हींत घातली तर दोन वेगळी चित्रे येतात.

रंग दाटीवर चढतो, म्हणून आधी दाटीचा हिशेब पाहू. समजा एखाद्या नाल्याच्या काठावर २० भेगा मोजल्या. श्मिटच्या एक टक्का वर्तुळात एकच बिंदू आला तरी तो एकूण बिंदूंच्या ५ टक्के होतो. भेगा सगळीकडे सारख्या विखुरल्या असत्या तर त्या वर्तुळात सरासरी १ टक्का यायला हवा होता. म्हणजे एकटा बिंदू ‘सरासरीच्या पाचपट’ दाटी दाखवून बसतो. दोन बिंदू योगायोगाने शेजारी पडले की दहापट. आता रंगपट्टीच्या वरच्या टोकाला लाल ठेवा: आलेखावर दोन-तीन लाल ठिपके उठतात आणि अहवालात ‘भेगांचे तीन प्रमुख संच’ असे वाक्य येते. बार्कले कॅम्ब यांनी १९५९ मध्ये हिमनदीच्या बर्फावर काम करताना यावर उपाय मांडला. मोजणीचे वर्तुळ बिंदूंच्या संख्येनुसार बदलायचे: २० बिंदू असतील तर ते अर्धगोलाचे सुमारे ३१ टक्के क्षेत्र व्यापते, २०० असतील तर जेमतेम ४ टक्के. मग दाटी टक्क्यांत सांगायची नाही, तर योगायोगाने अपेक्षित असलेल्या आकड्यापासून ती किती प्रमाणविचलनांनी दूर आहे, तसे सांगायचे. वीस भेगांवर असा आलेख काढला की बहुतेक वेळा लाल ठिपके विरघळतात आणि एक पसरट, अनिश्चित उंचवटा उरतो. तो दिसायला निराशाजनक असतो, पण वीस मोजमापांना तेवढेच सांगता येते. ‘स्टिरिओनेट’मध्ये या दोन पद्धतींमधला फरक एका क्लिकचा आहे.

त्यावर रंगपट्टीचा प्रश्न. निळा, हिरवा, पिवळा, लाल अशी इंद्रधनुषी पट्टी कित्येक वर्षे वैज्ञानिक सॉफ्टवेअरची मूळ पट्टी होती. तिच्यात अडचण अशी, की उजळपणा सरळ चढत जात नाही. मधला पिवळा सर्वांत उजळ आणि दोन्ही टोके गडद. डोळा पिवळ्याच्या कडेला थांबतो आणि आकड्यांत नसलेली सीमारेषा तिथे पाहतो. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत तर याचा आणखी रोकडा परिणाम होतो, कारण प्रकल्प अहवालाची रंगीत प्रत एक आणि बाकीच्या झेरॉक्स. झेरॉक्समध्ये गडद निळा आणि गडद लाल दोन्ही सारखेच करडे उमटतात, म्हणजे सर्वांत विरळ आणि सर्वांत दाट भाग एकसारखा दिसतो. पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबने जानेवारी २०१७ मधल्या दुसऱ्या आवृत्तीपासून इंद्रधनुष्य सोडून ‘विरिडिस’ ही जांभळ्याकडून पिवळ्याकडे सरळ उजळत जाणारी पट्टी मूळ म्हणून घेतली. २०२० मध्ये फाबिओ क्रामेरी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये विज्ञानातल्या रंगांच्या गैरवापरावर लेख लिहिला; उजळपणात समतोल असलेल्या पट्ट्या क्रामेरी यांनी मोफत उपलब्ध करून दिल्या आहेत. लाल-हिरव्याचा भेद न कळणाऱ्यांचा विचारही त्यात आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, भारतीय पाहण्यांत त्याहून कमी, पण शून्य नक्कीच नाही. सवयीचे लोक म्हणतात, इंद्रधनुष्यात बारकावे जास्त दिसतात. दिसतात हे खरेच. पण ते बारकावे खडकाचे की पट्टीचे, हे त्याच आलेखावरून ठरवता येत नाही. उजळपणात समतोल असलेल्या पट्टीवरही जो बारकावा टिकतो, तेवढाच धरावा.

दिशेला रंग द्यायचा असेल तर आणखी एक पेच येतो. भेगेची स्ट्राइक, म्हणजे ती आडव्या पातळीवर धावते ती दिशा, ० अंश म्हणा की १८० अंश, रेषा तीच. सरळ पट्टी वापरली तर १ अंशाची भेग एका टोकाच्या रंगात आणि १७९ अंशांची दुसऱ्या टोकाच्या रंगात उमटते. प्रत्यक्षात त्या दोघींत फरक दोन अंशांचा. अशा ठिकाणी शेवटचा रंग पहिल्याला येऊन मिळेल अशी चक्राकार पट्टीच हवी. ऑस्ट्रेलियातले पीटर कोवेसी यांनी २०१५ मध्ये चांगल्या रंगपट्ट्या कशा घडवाव्यात यावर लिहिताना असे प्रकार मांडले, आणि मॅटप्लॉटलिबमध्ये ‘ट्वायलाइट’ नावाची चक्राकार पट्टी २०१८ मध्ये आली. ती निवडतानाही चक्र १८० अंशांचे ठेवायचे की ३६० चे, हे ठरवावे लागते. स्ट्राइकसाठी १८०, उताराच्या दिशेसाठी ३६०. हा निर्णय भूशास्त्राचा आहे; चित्रकाराकडे सोपवून चालणार नाही.

रंगाची खरी ताकद मात्र दाटी किंवा दिशा दाखवण्यात नाही, असे मला वाटते. ती आहे आलेखात तिसरी गोष्ट आणण्यात. हिंगोलीहून फार दूर नसलेले लोणार हे याचे उत्तम उदाहरण आहे. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले पी. सेंथिल कुमार यांनी २००५ मध्ये तिथल्या भेगांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात केंद्रातून बाहेर धावणाऱ्या, केंद्राभोवती वळसा घालणाऱ्या आणि शंकूसारख्या कललेल्या अशा तीन प्रकारच्या भेगा वर्णिल्या आहेत. आता समजा कोणी काठावर पूर्ण फेरी मारून बाहेर धावणाऱ्या उभ्या भेगा मोजल्या आणि एका रोझ आलेखात टाकल्या. सगळ्या दिशांना सारख्या पाकळ्या, जवळजवळ गोल आकृती. मग वळसा घालणाऱ्या भेगा वेगळ्या टाकल्या, तीही गोलच. दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टींची एकच आकृती तयार झाली, आणि एखादा घाईचा वाचक म्हणेल की भेगांना काही दिशाच नाही. आता प्रत्येक मोजमापाला काठावरच्या त्याच्या जागेचा रंग द्या. समोरासमोरच्या जागांना एकच रंग मिळेल असे १८० अंशांचे चक्र घ्या. बाहेर धावणाऱ्या भेगांच्या आलेखात प्रत्येक पाकळी आपल्याच दिशेच्या रंगात रंगते. वळसा घालणाऱ्यांच्या आलेखात प्रत्येक पाकळीवर काटकोनातल्या दिशेचा रंग येतो. आकृतीत जो फरक नव्हता तो रंगाने उघड केला. हे काम सजावट म्हणून कोणी केले असते तर निसटलेच असते.

हेच गोरेगावच्या परिसरातल्या साध्या खडकालाही लागू होते. लाव्हा थंड होताना आकसला तेव्हा पडलेल्या, त्याचे खांब पाडणाऱ्या भेगा जवळजवळ उभ्या असतात आणि त्या सगळ्या दिशांना तोंड करून असतात. त्यांचे बिंदू स्टिरिओनेटच्या कडेला कंकणासारखे पसरतात. शिवाय उभ्या पातळीचा बिंदू एका अंशाच्या फरकाने समोरच्या कडेला उडी मारतो. नंतरच्या ताणतणावांनी पडलेल्या, लांबवर जाणाऱ्या, कधी झिओलाइट किंवा कॅल्साइटने भरलेल्या भेगा याच गर्दीत लपतात. पाणी वाहून नेण्यात किंवा भूकंपाचा इतिहास सांगण्यात बहुधा दुसऱ्या जातीला जास्त महत्त्व. उपाय साधा आहे: खांबांच्या भेगा फिकट करड्या, लहान, पोकळ वर्तुळांत, लांब भेगा भरीव, गडद चिन्हांत, भरणाचे खनिज वेगळे असेल तर चिन्हाचा आकार वेगळा. रंग आणि आकार दोन्ही वापरले की झेरॉक्समध्येही भेद टिकतो. विंधन विहिरीच्या नोंदींतून आलेखासाठी माहिती घेतली असेल तर आणखी एक खबरदारी हवी. उभ्या छिद्राला उभ्या भेगा क्वचितच छेदतात, त्यामुळे त्या कमी मोजल्या जातात. रूथ टेरझागी यांनी १९६५ मध्ये यासाठी भारांकाची दुरुस्ती सुचवली आणि ‘डिप्स’मध्ये ती निवडता येते. दुरुस्ती लावली की नाही, हे आलेखाखाली लिहिले नसेल तर त्या आलेखाला विश्वासार्ह म्हणता येणार नाही, मग तो कितीही देखणा असो.

रोझ आलेखाबाबत थोडक्यात. पाकळीची लांबी मोजमापांच्या प्रमाणात ठेवली, तर ४० भेगांची पाकळी १० भेगांच्या पाकळीच्या चौपट लांब होते, पण क्षेत्रफळ सोळापट. डोळा क्षेत्रफळ वाचतो. भरीव गडद रंग दिला तर आणखीच. लांबी वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवली की क्षेत्रफळ चौपट, म्हणजे खरे, होते. वोय्चेख नेमेत्स यांनी १९८८ मध्ये हा मुद्दा खणखणीतपणे मांडला होता. तरी आजही बहुतेक अहवालांत पहिलाच प्रकार दिसतो आणि कोणता वापरला हे लिहिलेले नसते. खणाची सुरुवातही तशीच फसवी. ११८ ते १२२ अंशांत दाटलेल्या भेगा १२० वर सुरू होणाऱ्या खणांत दुभंगतात आणि दोन मध्यम पाकळ्या दिसतात. तेच खण ११५ वर सुरू केले की एक ठळक पाकळी. धुळे-नंदुरबारच्या साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या डाइकांसारख्या (भेगांत घुसून थिजलेल्या खडकाच्या भिंतींसारख्या) ठिकाणी तर आणखी एक प्रश्न येतो: कित्येक किलोमीटरचा डाइक आणि शंभर मीटरचा तुकडा, दोघांनाही एकच मत द्यायचे का? संख्या की लांबी, हे आधी ठरवावे लागते. उपग्रहचित्रांवरून रेषा काढणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो, किंवा पडायला हवा.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा येतो, की मूळ आकडे परिशिष्टात आहेत, ज्याला शंका असेल त्याने तपासावे; आलेखाच्या शैलीला एवढे महत्त्व कशाला? आकडे परिशिष्टात असणे चांगलेच आहे. पण आलेख काढला जातो तो आकडे वाचणे शक्य नसते म्हणून. जो आलेख न वापरता आकडेच तपासा असे सांगतो, तो आलेखाची गरजच नाकारतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शैली हाती दिली, की माणूस आपल्याला हवे तेच रंगवतो. त्यापेक्षा मूळ मांडणी निदान निःपक्षपाती तरी आहे. यात तथ्य आहे, आणि मला वाटते गैरवापर खरोखर इथेच होतो. काही जण आलेख पाहून डोळ्यांनी तीन गट पाडतात, त्यांना तीन रंग देतात, आणि मग त्याच रंगीत आलेखाकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, तीन संच. हे वर्तुळात फिरणे आहे. यावरचा नियम मात्र शैली टाळण्याचा नाही. नियम असा हवा: रंग ज्या गोष्टीवरून द्यायचा ती दिशेहून वेगळी आणि प्रत्यक्ष जागेवर, दिशा पाहण्याआधी नोंदलेली असावी. भेगेतले खनिज, तिची लांबी, घासल्याच्या खुणा, लाव्ह्याचा थर, मोजण्याचे ठिकाण. अशा नोंदीवरून दिलेला रंग दिशेशी जुळला तर तो पुरावा ठरतो. दिशेवरूनच दिलेला रंग दिशेशी जुळणारच. मूळ मांडणीच्या निःपक्षपातीपणाबद्दल एवढेच, की ती आपल्याबद्दल काही जाणत नाही म्हणून निःपक्ष वाटते. वीस भेगा आणि दोन हजार भेगा तिला सारख्याच.

तिसरा आक्षेप व्यवस्थेचा: असे असेल तर नकाशांसारखे एकच प्रमाण ठरवून टाका ना. १८८१ मध्ये बोलोन्याच्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय परिषदेने नकाशांवरच्या कालखंडांचे रंग ठरवायला सुरुवात केली. ज्युरासिक निळा, क्रिटेशस हिरवा ही परंपरा तिथली. पण नकाशात रंग एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: हा खडक किती जुना? दिशांच्या आलेखात प्रश्न दरवेळी बदलतो, म्हणून रंगांचा एकच कोश शक्य नाही आणि इष्टही नाही. जिथे अर्थ पक्का आहे तिथे संकेत मोडू नये, हे मात्र खरे. किल्लारीच्या आकृतीतला काळा भाग काळाच राहायला हवा. बाकी ठिकाणी एकसारखेपणापेक्षा उघडपणा महत्त्वाचा. वेळेचा आणि साधनांचा आक्षेप उरतो, तो मी फारसा गंभीर मानत नाही. वर उल्लेखलेल्यांपैकी बहुतेक सॉफ्टवेअर मोफत आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात, आणि एकदा ठरवलेली शैली साठवून पुढच्या प्रत्येक आलेखाला लावता येते.

तेव्हा मराठवाड्यातल्या भूशास्त्र शिकवणाऱ्यांना आणि भूजलाचे, पायाचे अहवाल तपासणाऱ्या अभियंत्यांना एक विनंती. प्रकल्पातला किंवा अहवालातला दिशांचा आलेख हाती आला, की त्याखाली या गोष्टी लिहिल्या आहेत का ते पाहावे: मोजमापे किती, जाळी कोणती आणि अर्धगोल कोणता, दाटी कोणत्या पद्धतीने मोजली, रोझ असेल तर खण किती अंशांचे, कुठून सुरू आणि त्रिज्या कशाच्या प्रमाणात, भारांक लावला का, आणि रंग कोणत्या नोंदीवरून दिला. यातले काही नसेल तर आलेख परत पाठवावा. एवढ्यासाठी तीन ओळींची टीप पुरते.